उंबरावरचा एकटा ककणेर

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, शिमग्यानंतर पाठवलेले तुमचे सगळे फोटो मी कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर सावकाश पाहिले. परसातल्या उंबरावरचे ते काळे-पांढरे पक्षी आपले ककणेरच. पुस्तकात त्यांना मलबारी कवड्या धनेश म्हणतात. पिवळ्या चोचीवरच्या उंचवट्याला काळा डाग आहे आणि शेपटीच्या कडेची पिसं पांढरी आहेत, त्यामुळे शंकाच नाही. आपल्याकडे ज्याला गरुड म्हणतात तो महाधनेश अंगाने पुष्कळ मोठा, आणि त्याच्या पांढऱ्या शेपटीवर काळा आडवा पट्टा असतो.

जानेवारीतल्या फोटोत दोघं जोडीने बसलेत. एकाच्या डोळ्याभोवतीची कातडी पांढुरकी आहे, ती मादी. नंतरच्या फोटोंत मात्र नर एकटाच. आणि आई, परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, "हल्ली एकटाच येतो गो, उंबरं खातो नि राईच्या बाजूला जातो, परत येतो." ते ऐकलं आणि मला राहवेना. तुझं ते बोलणं आणि बाबांच्या फोटोंवरच्या तारखा एकत्र ठेवल्या तर एकच अर्थ निघतो: मादी राईतल्या कुठल्यातरी ढोलीत बसली आहे.

ही बसते म्हणजे स्वतःला कोंडूनच घेते. जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून विष्ठा आणि फळांचा गर लिंपून तोंड बंद करते. चोच बाहेर येईल एवढी उभी फट काय ती राहते. आत तिची उडायची पिसंही गळून नवी येतात, म्हणजे त्या काळात बाहेर पडायचं म्हटलं तरी तिला उडता येत नाही. अंडी, पिल्लं आणि ती स्वतः, सगळ्यांचं पोट त्या एकट्या नरावर. तो गळ्यात फळं साठवून आणतो आणि फटीतून एकेक करून तिच्या चोचीत देतो. पावसाच्या तोंडापर्यंत त्याच्या अशा खेपा चालतात.

म्हणून बाबा, एक कळकळीची विनंती. वाडीतल्या मुलांना घेऊन राईत ढोली शोधायला जायचं तुमच्या मनात आहे, असं आई म्हणाली. कृपा करून जाऊ नका. झाडाखाली माणसं दिसली की नर घास घेऊन लांबच्या फांदीवर बसून राहतो, जवळ येत नाही. आपण तासभर थांबलो तर आतले तासभर उपाशी. शिवाय एकदा जागा कळली की फोटो गावभर फिरतो, मग शहरातून मोठ्या लेन्स घेऊन माणसं येतात. ढोली चांगली असेल तर हे पक्षी वर्षानुवर्षं तिथेच परत येतात, आणि एवढी ढोली पडायला झाडही तसंच जुनं लागतं. तशी झाडं आता देवाच्या राईतच उरली आहेत. जगभरच्या यादीत हा पक्षी 'संकटसमीप' म्हणून नोंदलेला आहे. आपल्या उंबरावर तो रोज येतो, हे माझ्या इथल्या मित्रमैत्रिणींना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

फोटो पडवीतूनच काढा. उंबर तिथून छान दिसतो. कोपर खांबाला टेकवा म्हणजे झूम केल्यावर हात हलणार नाही. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं, तीच वेळ धरा. दुपारी पांढऱ्या आभाळासमोर ककणेर नुसता काळा दिसतो. तेव्हा एक्स्पोजर थोडं वाढवा, डोळा आणि चोच उजळतील. उडतानाचा हवा असेल तर शटर हजारावर ठेवा. आणि फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला असं समजून तो खाणंपिणं सोडून शोधत बसतो. या दिवसांत तर नकोच.

आई, आता तुझं काम. दुधाच्या हिशेबाची वही आहे ना, तिच्या मागच्या पानांवर तारीख घालून लिहीत जा: ककणेर कधी आला, एकटा की जोडीने, उंबरावर की काजऱ्यावर. काजऱ्याच्या फळाला हात लावला तरी तू आम्हाला ओरडायचीस. ककणेर त्याचा गर खातो आणि विषारी बी अख्खी बाहेर टाकतो. हे तुझ्या डोळ्यांना दिसलं तर नक्की लिही, मला वाचायचंय. तांबटाची टुकटुक, कुटुर्ग्याचं ओरडणं, पावशाची पहिली हाक, हे तर तुला चुलीपाशी बसूनही कळतं. बाबांना पक्षी दिसायला लागतो, तुला नुसता आवाज पुरतो. एवढ्या वर्षांचं हे सगळं तुझ्या डोक्यात आहे, कागदावर एक ओळ नाही, याची मला फार हळहळ वाटते.

जोडी पुन्हा एकत्र दिसली, आणि सोबत फिकट चोचीचं, चोचीवर उंचवटा नसलेलं पिल्लू असलं, की त्याच दिवशी फोन करा. रात्र झाली असली तरी.

आणखी एक. उंबराच्या फांद्या कौलांवर येतात म्हणून पावसाआधी छाटायच्या असं ठरलंय ना? ते जून उजाडेपर्यंत थांबवता येईल का? मी मेच्या अखेरीस येतेय. मग कुठली फांदी खरंच कौलांना लागते ते तिघं मिळून बघू आणि तेवढीच काढू. गडग्याकडची बाजू फळांनी लगडते, तिला हात नको.

बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येताना आणते. दोघंही उन्हात फिरू नका.

तुमची,
धाकटी