डावीकडेच वळायचं, तर पाहायचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या मोटार शर्यतींवरच्या लेखात अमेरिकेतल्या ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकची एका ओळीत बोळवण केली आहे: तासन्‌तास डावीकडे वळत राहायचं, यात पाहायचं काय? मीही हेच म्हणायचो. मे २०२३ मध्ये शार्लटला लेकीकडे होतो. जावई दीड तास गाडी चालवून नॉर्थ विल्क्सबरोला घेऊन गेले, तेव्हापासून म्हणत नाही.

नॉर्थ कॅरोलिनातलं हे जेमतेम चार हजार वस्तीचं, डोंगराच्या कुशीतलं गाव. विल्क्स काउंटी एकेकाळी हातभट्टीसाठी बदनाम होती. डोंगरातला माल रात्रीतून शहरात पोचवायचा, तर पोलिसांच्या गाडीपेक्षा आपली गाडी जास्त पळायला हवी. म्हणून पोरं दिसायला साध्या गाड्यांची इंजिनं स्वतःच खोलून ताकदवान करत. कुणाची जास्त पळते, याचा निकाल मग शर्यतीत लागे. नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या स्टॉक-कार शर्यतमालिकेच्या, ५० शर्यती जिंकणारा ज्युनियर जॉन्सन इथलाच. १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर सापडला, अकरा महिने तुरुंगात काढले आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

एनॉक स्टेली यांनी १९४७ मध्ये इथे मातीचा ट्रॅक काढला. एक फेरी साधारण एक किलोमीटरची. सपाटीकरणाला पैसे पुरले नाहीत, म्हणून पुढची बाजू उताराची आणि मागची चढाची राहिली, असं सांगतात. १९४९ मध्ये नॅसकारच्या पहिल्यावहिल्या मोसमाची शेवटची शर्यत इथेच झाली.

आणि डावीकडे वळण्याबद्दल. छोट्या ओव्हलवरच्या पुष्कळ गाड्यांची उजवी चाकं डाव्यांपेक्षा घेरानं मोठी ठेवतात. निमुळता पेला फरशीवर आडवा गडगडत सोडून पाहा, तो बुडाच्या बाजूला वळत जातो. गाडीचंही तसंच. वळणावर ती आपणहून वळू बघते आणि सरळ पट्ट्यात ड्रायव्हरला तिला धरून ठेवावं लागतं. हे जावयांनी समजावलं, तेव्हा कुठे मला शर्यत दिसायला लागली.

स्टेली १९९५ मध्ये गेले. दोन बड्या ट्रॅकमालकांनी हा ट्रॅक निम्मा-निम्मा घेतला, पण चालवायला नव्हे. त्यांना हव्या होत्या इथल्या शर्यतींच्या वर्षातल्या दोन तारखा. एक टेक्सासला गेली, दुसरी न्यू हॅम्पशायरला. २९ सप्टेंबर १९९६ ला नॅसकारची शेवटची मोठी शर्यत झाली आणि फाटकाला कुलूप लागलं. मधली थोडी धुगधुगी सोडली, तर पाव शतक तिथे गवत वाढलं. शेवटी २०२१ मध्ये राज्यानं कोविड मदतनिधीतून १ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले, तेव्हा डागडुजी सुरू झाली. नशीब, जुन्या विटक्या पाट्या त्यांनी पुसल्या नाहीत.

मी पाहिली ती २१ मेची ऑल-स्टार, म्हणजे निवडक विजेत्या ड्रायव्हरांची नॅसकार शर्यत. काइल लार्सननं जिंकली. तीनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींचा मार्ग मोकळा केला होता. राजगुरुनगरच्या माणसाला हा योग कसा चुकेल? जनावरांच्या हालांचा प्रश्न खरा आहे, पत्र्याच्या गाडीला तो नाही, त्यामुळे दोन्ही एका तागडीत मी घालत नाही. पण घाट, म्हणजे गाडे पळवायची धावपट्टी, ओस पडला की यात्रेची काय कळा होते, ते २०१४ च्या बंदीनंतर आम्ही पाहिलंय. शेवभेळीचं दुकान येतं, तमाशाही येतो, पण दुपारी चारलाच मैदान रिकामं. मुंबईला गेलेली पोरं नुसत्या पालखीसाठी रजा टाकत नाहीत.

शेजारी एक सत्तरीचे आजोबा बसले होते. १९९६ च्या त्या शर्यतीलाही हजर होते म्हणाले. मी मोबाइलवर आमच्या घाटाचा व्हिडिओ दाखवला: पुढे घोडी, मागे गाडा, फुफाटा, भिर्रर्र. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. किती फेऱ्या मारतात, त्यांनी विचारलं. म्हटलं, फेऱ्या नाहीत, एकच धाव, दहा-पंधरा सेकंदांत संपते.

"एवढ्यासाठी दिवसभर उन्हात बसता? पाहता काय?" आजोबा म्हणाले.

आपला,
एक वाचक, राजगुरुनगर (जि. पुणे)