चुन्याच्या रेघेबद्दल आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

बुडबुड्यांच्या वाइनच्या बाटल्यांत गाळ चिकटून बसला होता, काही केल्या सुटत नव्हता. तळघरातली शेवटची फळी (बाटल्या तिरक्या खोचून ठेवायची भोकांची चौकट) काल रिकामी झाली. वाइन नितळ निघाली. हे श्रेय चारचौघांत द्यायला हवं, म्हणून हे उघडं पत्र.

तुमच्याआधी आलेल्या जाणकारांनी बाटलीला हातसुद्धा लावला नाही. ‘उघडा आणि गाळून घ्या,’ एवढं बोलून गेले. लिटरमागे २४ ग्रॅम साखर घालून बाटलीत कोंडलेला सुमारे ६ बार (बाहेरच्या हवेच्या जवळजवळ सहापट) दाब असा सोडून दिला, तर बुडबुडे कुठून राहणार? घरातल्या थोरल्यांनी जपलेलं काम त्यांनी दोन मिनिटांत निकालात काढलं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही बाटली दिव्यासमोर धरलीत आणि काचेला चिकटलेला पापुद्रा बोटानं दाखवलात. थप्पी हलवताना बाटल्यांची कूस बदलली, म्हणून यीस्टचा गाळ दोन्ही अंगांना धरला होता. अशी बाटली कितीही फिरवली तरी तो सुटत नाही. आधी जोरात हिसका देऊन सगळा गाळ मोकळा करायचा (आपल्या चेहऱ्यावर जाळी बांधूनच, काच फुटू शकते), मग काही आठवडे आडवी निजवायची, आणि त्यानंतरच फळीवर घेऊन रोज अष्टमांश फिरवत, हळूहळू उभी करत गाळ तोंडाशी आणायचा.

पण मनात राहिली ती रेघ. ओलीत खडू पुसला जातो, म्हणून तुम्ही चुना कालवलात आणि फळीच्या एका अंगाच्या साठच्या साठ बाटल्यांच्या बुडावर स्वतः कुंचला फिरवलात. बाटली कुठेही हलवा, निजवताना रेघ खालीच. एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर!

घराण्याचा वारसा म्हटलं की लोक लेबलावरचं साल दाखवतात. पण खरा वारसा हातातल्या रीतीचा. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात बार्ब-निकोल क्लिको यांनी पतीच्या निधनानंतर, १८०५ साली, घरच्या वाइनच्या धंद्याचा कारभार हाती घेतला. गाळ तोंडाशी आणण्याची ही रीत त्यांच्याच तळघरात आकाराला आली. तिथून ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती येत गेली. तुम्ही त्यातलं काहीही हातचं राखलं नाहीत, नवख्या पोरांचे प्रश्नही उभ्यानं ऐकून घेतलेत. अशी माणसं भेटली की कामावरचा विश्वास परत येतो.

पुढच्या हंगामात बाटल्या भरू तेव्हा चुना तयार असेल. पहिली रेघ तुम्हीच ओढा, ही विनंती.

आपले,
मळ्यावरचे सगळे