ट्रेलरच्या डावीकडची मोकळी जागा

महोदय,

घोडबंदर रस्ता असो वा ठाणे-बेलापूर मार्ग, कंटेनर आणि दुचाक्या तिथे एकमेकांना खेटून चालतात. अपघात झाला की चर्चा वेगाची आणि खड्ड्यांची होते. ती व्हायलाच हवी. पण ट्रेलर अगदी सावकाश वळत असतानाही माणसे चाकाखाली येतात, ते का, हे फारसे कोणी सांगत नाही.

४० फुटी कंटेनर डावीकडे वळवायचा तर चालकाला आधी गाडी उजवीकडे घ्यावी लागते. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून फुटपाथच्या दिशेने कापत येतात. डावीकडे जागा दिसली म्हणून दुचाकीस्वार आत घुसतो आणि ती जागा बघता बघता मिटते. चालक उजवीकडे, उंचावर बसलेला. डाव्या दाराखालचे आणि केबिनच्या अगदी पुढ्यातले त्याला दिसत नाही. केबिन वळल्यावर तर डावा आरसा ट्रेलरच्या बाजूनेच भरून जातो. हॉर्न वाजवून उपयोग नाही, कारण नाक्यावर सगळेच वाजवत असतात.

म्हणून दुचाकीस्वारांनी एवढे पाळावे: ट्रेलरच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे धरून चालावे. सिग्नलला त्याच्या शेजारी नव्हे, मागे थांबावे. त्याने उजवीकडे अंग घेतले तरी डावा इंडिकेटर पाहावा. हेल्मेट तर हवेच, मागे बसणाऱ्यालाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार ते सक्तीचे आहे. मात्र या अपघातात चाक छातीवरून, कमरेवरून जाते, तिथे हेल्मेट काय करणार?

पादचाऱ्यांनी उभ्या ट्रकच्या बंपरला लागून रस्ता ओलांडू नये. ट्रक झेब्रा पट्ट्यांवरच उभा असेल, तर तो जाईपर्यंत थांबलेले बरे.

वाहतूकदारांनी डावीकडचा बहिर्गोल आरसा आणि चाकांमधल्या मोकळ्या जागेपुढचे संरक्षक गज शाबूत ठेवावेत, आणि वळताना क्लीनरला डावीकडे लक्ष ठेवायला सांगावे. एकट्या चालकाला कंटेनर घेऊन पाठवणे या नाक्यांवर धोक्याचे आहे.

पालिकेकडे मागणी एकच: पावसाळ्यात पुसल्या जाणाऱ्या थांबारेषा आणि झेब्रा पट्टे मानपाडा, कासारवडवलीसारख्या नाक्यांवर पाऊस ओसरताच पुन्हा रंगवावेत. रेषाच दिसत नसेल तर चालक थांबणार कुठे आणि वाहतूक पोलीस दंड कशाच्या आधारावर करणार?

– एक वाचक, ठाणे (प.)