विमान गोव्याहून, पण कुठल्या?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रत्नागिरीकरांना विमान पकडायचं तर गोवा सोयीचा. 5 जानेवारी 2023 पासून उत्तर गोव्यातल्या मोप्याहूनही विमानं उडू लागली आणि गोव्याला दोन विमानतळ झाले. तिकीट काढताना मात्र ठळक दिसतं ते ‘गोवा’. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, हे बारीक अक्षरांत. आमच्या वयाला ते दिसत नाही, आणि दिसलं तरी उमगत नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे बंगळूरला निघालो. सातशे रुपयांनी स्वस्त तिकीट मिळालं म्हणून मी खुशीत होतो. विमान मोप्याहून समजून रेल्वेने थिवी स्थानकावर उतरलो. दोन बॅगा आणि आंब्याची पेटी. टॅक्सीवाल्याने भाडं सांगण्याआधी तिकीट मागून पाहिलं. “काका, हे दाबोळीचं. मोपा नव्हे.” गाडी तर केव्हाच मडगावकडे निघून गेली होती. वाचवलेल्या सातशेच्या कितीतरी पट पैसे टॅक्सीला गेले. पेटी मांडीवर घेऊन बसलेली सौ. झुआरी पूल ओलांडेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चूक सर्वस्वी माझी, पण ती करणारा मी एकटा नसेन.

तेव्हापासून मी तिकिटाच्या दरापेक्षा स्थानक ते विमानतळ हे शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर आधी पाहतो. दाबोळीला जायचं तर मडगावला उतरावं. तिथून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एस.टी.च्या, बसचा तरी आधार आहे. मडगाव–वास्को मार्गावर दाबोळी नावाचं स्थानकही आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, तेव्हा नकाशा पाहून हुरळू नये. शिवाय दाबोळी नौदलाचा तळ. सकाळच्या काही तासांवर नौदलाच्या सरावाचा हक्क पहिला, म्हणून दुपारनंतरची विमानं जास्त. उत्तरेकडून येणाऱ्याला मोपा जवळ खरा, पण थिवीला बाहेर आलं की समोर टॅक्सी आणि पायलट, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली.

पावसाळ्यात हिशेब आणखी बदलतो. वेळापत्रक पावसाळी, गाड्यांचा वेग कमी, त्यात मार्ग बहुतांश एकेरी, म्हणजे क्रॉसिंगला थांबणं आलंच. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूक ठप्प झाली होती, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. तो बोगदा मडुरे आणि पेडणे यांच्या मध्ये. म्हणजे थिवी त्याच्या पलीकडे आणि सावंतवाडी अलीकडे. पावसात मोप्याचं विमान असेल तर मी सावंतवाडीलाच उतरून बांदा–पत्रादेवीमार्गे रस्त्याने जाईन. गाडी मात्र तिथे थांबणारी हवी. वंदे भारत कणकवलीनंतर थेट थिवीलाच थांबते. आणि दुपारचं विमान असलं तरी पहाटेची गाडी धरण्याऐवजी आदल्या रात्री मुक्काम करीन. बायको याला भित्रेपणा म्हणते.

थिवी आणि सावंतवाडी या दोन्ही स्थानकांवरून मोप्याला जाणारी, रेल्वेच्या वेळेशी बांधलेली बस हवी. गाडीला तासभर उशीर झाला तर तिनेही तासभर थांबायला हवं. नुसती दिवसातून चार वेळा सुटणारी बस काही कामाची नाही. ती सुरू होईपर्यंत निदान थिवीच्या फलाटावर मराठी-कोंकणीत मोठ्या अक्षरांची एक पाटी लावावी : तिकिटावर जीओआय असेल तर इथे उतरू नका.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, रत्नागिरी