भिंतींना टाके घालायला शिकवणाऱ्या सरांचे आभार

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटले आणि जाड मातीची माळवदं, म्हणजे सपाट छपरं, झोपलेल्या माणसांवर आली. जी घरं तगली, ती न पाडता मजबूत करायला शिकवणाऱ्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनो, तुमचे मनापासून आभार. भिंतीचे दोन्ही थर एकमेकांना बांधायला मीटर-मीटरवर दगड काढून आरपार भोक, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली ८ मिमीची सळई, मग काँक्रीट आणि निदान १० दिवस पाणी. पहारीचे घाव घातले की भिंतीला पोट सुटतं. म्हणून दगड हलवत-हलवत सैल कसा करायचा, हे तुम्ही गवंड्यांशेजारी उकिडवे बसून, स्वतःच्या हातांनी दाखवलंत. न कंटाळता, पुन्हा पुन्हा. माळवदावरची जादा मातीही तुम्हीच उतरवायला लावलीत.