मंजू, बंड्याला तूच सांग

सांगली
गुरुवार, रात्री उशिरा

प्रिय मंजू,

तुझ्या मेलना उत्तर नाही, वाढदिवसाला फोन नाही. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. तब्येती ठीक. माझा गुडघा आहे तिथेच आहे, शिरीषची साखर आटोक्यात, आईंना ऐकू कमी येतं पण नको ते बरोबर येतं.

आता बंड्या. हो, पुन्हा बंड्याच. इमू पाळायच्या त्या बेतानंतर गडी इतकी वर्षं शांत होता, मला वाटलं निवळला. डिसेंबरात आम्ही सगळे गोव्याला गेलो, तेव्हा एक रात्र मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर काढली. मी खेळत नव्हते, बंड्याच्या मागे उभी राहून ब्लॅकजॅकची पानं बघत होते. माझी खोड तुला माहीतच आहे. बराच वेळ बारकी पानं निघत होती म्हणून त्याच्या कानात म्हटलं, "आता मोठी यायला हवीत." पुढच्याच डावात त्याला एक्का-राजा आला, म्हणजे दोनच पानांत एकवीस, तोच ब्लॅकजॅक. निव्वळ योगायोग गं! पण तेव्हापासून मी त्याच्या लेखी देवी झालेय.

बेत असा: चौघांनी लाख-लाख काढून 'बँक' करायची. मी पानं मोजायची, बंड्या पैसे लावणार, वर्षातून दोन फेऱ्या गोव्याला, नफा सारखा वाटून घ्यायचा. रविवारी मला हो की नाही ते सांगायचंय. शिरीष आधीच पाघळलाय, कुठली एफडी मोडायची तेसुद्धा त्याचं ठरलंय. आणि मीच का, तर मी गणिताची मास्तरीण आणि मेंढीकोटात कुठली दश्शी कुणाकडे ते मला पाठ. (ती चौकटची दश्शी तूच दाबून ठेवली होतीस. मरेपर्यंत हेच म्हणणार.)

पंचाईत ही की बंड्या खोटं बोलत नाहीये. इमूंच्या वेळी एका वाक्यात उडवून लावता आलं होतं. इथे एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने एमआयटीत असताना आयबीएमच्या संगणकावर आकडेमोड केली आणि 1962 मध्ये पुस्तक काढून जगजाहीर केलं की मोजणारा कॅसिनोला वरचढ होऊ शकतो. पुढे एमआयटीच्याच पोरांनी टोळ्या करून लास वेगासमध्ये पैसा कमावलाही. बंड्याने एवढंच ऐकलंय आणि तिथेच कान बंद केलेत.

मोजणंही काही अवघड नाही. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान गेलं की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का गेला की उणे एक. बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचं. आकडा चढला म्हणजे मागे मोठी पानं जास्त राहिलीत. मग आपल्याला ब्लॅकजॅक लागून दीडपट मिळण्याची शक्यता वाढते, आणि कॅसिनोतर्फे खेळणाऱ्या डीलरला सोळापर्यंत पान घ्यावंच लागतं, त्यामुळे तो एकवीसच्या वर जाऊन बस्टही जास्त होतो. तेव्हा दाबून लावायचे, एरवी कमीत कमी. रात्री जेवणाच्या टेबलावर मी कॅट घेऊन बसते. दोन-दोन पानं उलटायची. राणी-पंजी आली की एकमेकींना खातात, बेरीज जागच्या जागी. कॅट संपला की शून्य यायलाच हवं. शिरीष मुद्दाम मधेच विचारतो, "दूधवाल्याचे किती झाले?" त्यालाही उत्तर देते आणि तरी शून्य येतं. परवा मात्र कुकरच्या शिट्ट्या बेरजेत गेल्या.

आता खरं दुखणं. बंड्याच्या वहीत 'फायदा 1 टक्का' असं लाल शाईत लिहून खाली दोन रेघा मारल्यात. बरं, धर एक टक्का. नियम चांगले असले आणि न चुकता मोजलं तर तेवढा मिळूही शकतो. डावाला सरासरी हजार रुपये, तासाला 60 डाव, रात्रीचे पाच तास. झाले 300 डाव, कमाई 3,000 रुपये. आणि नशिबाचा हेलकावा? एका डावाचं प्रमाण विचलन लावलेल्या रकमेच्या साधारण 1.15 पट, त्याला 300 च्या वर्गमुळाने गुण. जवळजवळ 20,000 रुपये, वर नाहीतर खाली! पैसे कमीजास्त लावत गेलं की याहूनही मोठा. म्हणजे हत्तीच्या पाठीवर मुंगी बसवून हत्ती कुठे चाललाय ते मुंगीला विचारायचं. रात्री जिंकलो काय नि हरलो काय, मी नीट मोजलं की नाही हेसुद्धा त्यावरून कळणार नाही. नफा आणि हेलकावा बरोबरीला यायला 13,000 हून जास्त डाव लागतात. वर्षाला दोन रात्री म्हणजे 600 डाव. बावीस वर्षं, मंजू! आणि त्यानंतरही सहातली एक शक्यता अशी की आपण तोट्यातच. तोवर बंड्याला सत्ती कुठली नि नव्वी कुठली एवढं दिसलं तरी पुरे.

हे मी त्याला सांगितलं. तर म्हणतो, "मग पाच-पाच हजार लावू." अरे, पण हेलकावाही पाचपट होतो ना! तिथे तो चहा मागतो.

त्यात त्या बोटीवरच्या टेबलावर डाव संपला की पानं परत मशीनच्या पोटात जात होती आणि मशीन सतत पिसत होतं. गेलेलं पान पुढच्या डावात परत येऊ शकतं, मग मोजू काय, कपाळ? म्हणूनच म्हटलं, तो एक्का-राजा निव्वळ योगायोग. जिथे सहा कॅट हाताने वाटतात तिथेही मागचे दीड-दोन कॅट सोडून प्लास्टिकचं पान खोचलेलं असतं, तिथपर्यंत आलं की पुन्हा पिसायचं. तुमच्या न्यू जर्सीत केन उस्टन नावाच्या पानं मोजणाऱ्याच्या खटल्यानंतर, 1982 पासून, मोजतो म्हणून कुणाला हाकलता येत नाही, पण वरचेवर पिसता येतं. नेवाडात सरळ दाराकडे बोट दाखवतात. आणि आपल्याकडे सरकार बसलंयच. कॅसिनोचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 40 टक्के झाला, तोही चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर. जिंकलेल्यावर आयकर 30 टक्के, हरलेलं त्यातून वजा होत नाही. आमचा एक टक्का काखोटीला मारून आम्ही कुणाकुणाशी भांडायचं?

आपल्यासारख्या कधीमधी जाणाऱ्याने शिकावं ते वेगळंच. कुठल्या पानावर काय करायचं त्याचा ठरलेला तक्ता असतो. डीलरची दश्शी आणि आपले सोळा, तर घाबरत का होईना पान घ्यायचं. एक्क्यांची नि अठ्ठ्यांची जोडी आली की नेहमी फोडून दोन डाव करायचे, दश्श्यांची कधीच नाही. एका संध्याकाळी पाठ होतो आणि कॅसिनोचा वरचष्मा अर्ध्या टक्क्यावर येतो. अंदाजपंचे खेळणारा त्याच्या चौपट सहज घालवतो. बंड्याला तक्ता दिला, तर म्हणाला, "यात जिंकणं कुठाय?"

शिरीषचं मी बघून घेईन. मला खुपतात ते बंड्याचे व्हीआरएसचे पैसे. नलूला यातलं काही माहीत नाही. आणि तुला म्हणून सांगते, मला हे मोजणं भयंकर आवडायला लागलंय. इतक्या वर्षांत शाळेत काही इतकं चोख जमलं नसेल. त्यामुळे माझ्या तोंडून 'नाही' निघतं ते त्याला 'बघू' असं ऐकू जातं. तुझं तो ऐकतो. का ऐकतो ते आपण बोलायला नको. रविवारच्या आत त्याला फोन कर. माझं नाव घेऊ नकोस, इमूंवरून सुरुवात कर.

तुझ्या सासूबाई आल्या का? तळघराचं काम संपलं का? ईशाच्या प्रवेशाचं कळव, फोटो पाठव. लोणचं कुरिअरने पाठवतेय, मागच्यासारखं गळलं तर मला बोल लावू नकोस.

तुझी,
सुलू

ता. क. अटलांटिक सिटीला गेलीस तर बसण्याआधी टेबलावर काय छापलंय ते वाच. ब्लॅकजॅकला 3 ला 2 असेल तर बस, 6 ला 5 असेल तर उठ. हजाराला पंधराशेऐवजी बाराशे मिळतात आणि ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो. म्हणजे जवळजवळ दीड टक्का तिथेच गेला. बंड्याला हेही सांग, माझ्याकडून ऐकून घेत नाही.