साहेब, कांदा तुमच्याही खात्यात येतो

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी निफाड तालुक्यातला कांदा व्यापारी. घरची शेती आहे, चाळीत उन्हाळ कांदा असतो, आणि लिलावात घेतलेला माल बांगलादेशला पाठवण्यात निम्मं आयुष्य गेलं. कांद्याबद्दल लिहायचं तर वाणिज्यमंत्र्यांना लिहा, असं मुलगा म्हणाला. त्यांना लिहून झालंय. हे पत्र मुद्दाम तुम्हाला.

१४ सप्टेंबर २०२०, सोमवार. निर्यातबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा माझ्या तीन गाड्या बंगालमध्ये घोजाडांगाच्या सीमानाक्यावर रांगेत उभ्या होत्या. घरापासून अठराशे किलोमीटरवर. पलीकडे बांगलादेशचं भोमरा, मध्ये एक फाटक. ड्रायव्हर रोज फोन करायचा. पहिल्या दिवशी "शेठ, लाइन हलत नाही." तिसऱ्या दिवशी "वास सुटलाय." पाचव्या दिवशी म्हणाला, खालच्या थरातून पाणी गळतंय, फाळक्याखाली माश्या बसल्यात. आधीच कस्टमचे कागद झालेल्या मालाला नंतर सूट मिळाली, त्यात माझी एक गाडी गेली. उरलेल्या दोन तिथंच मिळेल त्या भावात मोकळ्या केल्या.

पण तोट्याचं रडगाणं गायला बसलो नाही. कांद्याच्या धंद्यात तोटा हा घरचा पाहुणा आहे. पलीकडचा माझा आडतदार, मी त्याला दादा म्हणतो आणि तो मला, फोनवर एवढंच म्हणाला: "दादा, बंद करायचं तर करा. पण आधी सांगा."

हेच वाक्य त्याच्या पंतप्रधानांनी वर्षभर आधी दिल्लीत येऊन ऐकवलं होतं. ऑक्टोबर २०१९. त्याच्या आदल्याच आठवड्यात, २९ सप्टेंबरला, आपण कांदा बंद केला होता. शेख हसीना उद्योजकांच्या सभेत हिंदीत, हसत हसत म्हणाल्या की स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय; पुढच्या वेळी आधी कळवलंत तर बरं. सभेत हशा पिकला. नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला त्यांच्या चलनात अडीचशे टाक्यांच्या घरात गेला आणि त्यांच्या सरकारने परदेशातून विमानाने कांदा आणवला. विमानाने, साहेब! आणि अकरा महिन्यांनी आपण पुन्हा तेच केलं, न सांगता.

पुढे २०२३ मध्ये ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनाला किमान ८०० डॉलरची अट, डिसेंबरात थेट बंदी. बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. दिल्ली-मुंबईच्या ग्राहकाला स्वस्त मिळावा म्हणून हे होतं, हे कळतं. शेतकऱ्याचं काय, तो वाद वेगळा आणि जुना. माझं म्हणणं एवढंच की ही अधिसूचना काढताना ती परराष्ट्र धोरणाचाही कागद आहे, हे कुणाच्या ध्यानात असतं का? 'नेबरहूड फर्स्ट', म्हणजे शेजारी आधी, असं तुम्ही भाषणात सांगता. भोमऱ्याजवळच्या सातखीऱ्याच्या बाईला ते कांद्याच्या टोपलीत दिसतं.

बरं, उपाय अवघड आहे असंही नाही. तुम्हीच एकदा करून दाखवलाय. मालदीवमध्ये 'इंडिया आउट'च्या घोषणेवर मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आपल्या लष्करी माणसांना परत जायला सांगितलं. इथे कांदा बंद होता. तरी एप्रिल २०२४ मध्ये आपण १९८१ च्या व्यापार कराराखाली मालदीवचा वर्षाचा कोटा ठरवून दिला: कांदा ३५,७४९ टन, शिवाय तांदूळ, साखर, अंडी. त्याच ऑक्टोबरात मुइझ्झू दिल्लीला आले. कांद्याने त्यांचं मन वळवलं, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण राग असतानाही आपण त्यांचं जेवण अडवलं नाही, हे त्या बेटांवरच्या माणसाने पाहिलं. याला आपल्याकडे शेजारधर्म म्हणतात.

बांगलादेशने असा वार्षिक कोटा डिसेंबर २०२२ मध्ये मागितला होता. तसा पक्का कागद आजवर झाला नाही. बंदीच्या काळात त्यांना ५० हजार टन मंजूर केले, तेही त्या-त्या वेळच्या परवानगीने. मागणाऱ्याला दर वेळी हात पसरावा लागला की मिळालेल्या घासाची चव जाते.

कोविडच्या लसीचंही तसंच झालं. आपल्या पुण्यात तयार झालेल्या लसीचे तीन कोटी डोस त्यांनी पैसे मोजून ठरवले होते. सत्तर लाख पोचले आणि २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडची लाट पाहून पुरवठा थांबला. ते चीनकडे गेले. आपल्याकडे माणसं मरत होती, त्यात दोष देणार नाही.

आणि आता? ५ ऑगस्ट २०२४ ला हसीना सत्ता सोडून भारतात आल्या. आपण मैत्री बऱ्याच अंशी एका घराशी केली होती, देशाशी करायची राहिली, असं मला वाटतं. २०२५ मध्ये त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांतून आपलं सूत अडवलं, आपण त्यांचे तयार कपडे अडवले. दादाचा फोन अजून येतो, पण ऑर्डर कमी. तिकडे सरकार शेतकऱ्यांना हंगामाबाहेरच्या कांद्याचं बी वाटतंय. वाण कोणता, माहीत आहे? एन-५३. मूळचा नाशिकचा वाण. आमचंच बी त्यांच्या वावरात वाढतंय, आमचं गिऱ्हाईक आमच्याच वाणाने तुटतंय. त्यांना का दोष द्यावा? मीही तेच केलं असतं.

डिसेंबर २०२६ मध्ये गंगा पाणीवाटप कराराची ३० वर्षं पूर्ण होतात. ढाक्याशी बोलणी होतील तेव्हा त्या फाइलला एक पान माझ्यातर्फे जोडा. वर्षाला इतके टन कांदा, बंदी असो वा नसो. बंद करायचाच झाला तर पंधरा दिवस आधी कळवू. आणि कागद झालेली, रांगेत लागलेली गाडी अडवणार नाही. आकडा किती धरायचा ते लासलगाव आणि पिंपळगावच्या व्यापाऱ्यांना विचारा, एका दुपारी सांगतील.

आपला,
निफाड तालुक्यातला एक कांदा व्यापारी